‘नो किसे’ चालेल?

“किएरो... किएरेस... किएरे... किएरेमोस—”

“चुकलं.”

आवाज मागच्या सीटवरून आला. खानवेलहून सिल्वासाला जाणारी सकाळची बस, बाहेर पाऊस, खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, माझी डावी बाही भिजलेली, मांडीवर वही... आणि या बसमध्ये माझं स्पॅनिश चुकलं म्हणणारं कोण निघालं? मी गर्रकन वळले.

पाने-पकडींची पिशवी मांडीवर घेऊन एक उंच, सावळा मुलगा बसला होता. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि तो चक्क हसत होता.

“केरेमोस,” तो म्हणाला. “म्हणजे ‘आम्हाला हवंय’. मी, तू, तो... तिथं ‘किए’. पण ‘आम्ही’ आलं, की परत साधं ‘के’. आम्ही म्हटलं की क्रियापद सरळ होतं.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“कुणीच नाही. पण तुम्ही चुकीचं पाठ करून राहिल्या, मला ऐकवेना.”

बोलण्यात धुळ्याकडचा हेल होता. मी सुनावणारच होते, तेवढ्यात लक्षात आलं. सिल्वासात स्पॅनिश शिकणारी माणसं असून असून किती असणार?

“तुम्ही... मेंटेनन्सचे ललित?”

त्याचंही हसू गेलं. “म्हणजे तुम्ही पॅकिंगच्या दुर्गा.”

पुढची दहा मिनिटं आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

सांगते. आमच्या कंपनीने स्पेनहून पॅकिंगची मोठी मशीन घेतली होती. ती शिकायला एका माणसाला वर्षभर तिकडे पाठवायचं होतं. एकालाच. ज्याला तिकडच्या लोकांशी बोलता येईल, त्याला. एचआरच्या सुवर्णा मॅडम पुण्यात स्पॅनिश शिकलेल्या, त्या दर शनिवारी कँटीनमध्ये तास घ्यायच्या, दोन शिफ्टचे दोन वेगळे. अकराजणांनी सुरुवात केली, क्रियापदं आली तसे नऊजण पळाले. उरलेल्या दोघांची गाठ आज बसमध्ये पडली होती. त्याची त्या दिवशी सुट्टी होती, खानवेलला कुणाच्या तरी गिरणीची मोटर दुरुस्त करून परतत होता.

मला ती स्पेनची सीट हवी होती. नुसती हवी नव्हती, मी तिच्यासाठी जीव टाकत होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तीन वर्षं मी डब्यांवर स्टिकर चिकटवत होते. मशीनला हात लावायचा तो पुसायला. स्पेनला जाऊन आलं, की ती लाइन माझ्या हातात येणार होती. आणि ललित? तो ठेकेदाराचा माणूस, पाच वर्षं कायम होण्याची वाट बघत होता. गेला असता तर कायम झाला असता. त्याचंही बरोबर होतं, हाच तर वांधा होता.

पुढे शिफ्ट बदलली आणि मॅडमनी दोघांचा तास एकत्र केला. मग आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर रोज अर्धा तास बसायला लागलो. शत्रूवर नजर ठेवलेली बरी, असं मी स्वतःला सांगायचे. झूठ! मला त्याच्याशी बोलायचं असायचं.

एकदा त्याने विचारलं, “हे ‘ते किएरो’ म्हणजे ‘तू मला आवडतेस’च ना?”

“तसंच. पण त्याहून जरा... जास्त.”

“जास्त म्हणजे किती?”

“चहा पी. गार होतोय.”

“सांग ना. मी विद्यार्थी आहे.” कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं, दोघांनाही कळलं नव्हतं.

“हे बघ,” मी वहीत डोकं घालून म्हटलं, “मराठीत ‘तू मला आवडतोस’ म्हटलं, की क्रियापद समोरच्याच्या मागे जातं. तू आवडतोस, ती आवडते. आपण आपले नामानिराळे. स्पॅनिशमध्ये तसं नाही. किएरो म्हणजे ‘मी’. जे काय आहे ते मी करतेय, माझ्या अंगावर घेऊन.”

“मग अवघड आहे बुवा,” तो हळूच म्हणाला. माझ्या वहीवर पावसाचा थेंब पडला, तो त्याने बोटाने टिपला. बोट तिथेच राहिलं, माझ्या बोटापासून इंचभर... मी हात काढला नाही. त्यानेही नाही.

आणि तरीही घरी जाताना बसमध्ये माझ्या मनात एकच यायचं, याचं स्पॅनिश सुधारतंय. माझ्यामुळे सुधारतंय.

मुलाखत गुरुवारी होती. मॅडम आठवडाभर पुण्याला गेल्या होत्या. जाण्याआधी ज्या शनिवारी त्यांनी भूतकाळ शिकवला, त्याच दिवशी ललितला मशीनच्या ब्रेकडाऊनला बोलावलं होतं, त्यामुळे तो तास त्याचा बुडाला. बुधवारी टपरीवर तो घाबराघुबरा होऊन आला.

“दुर्गा, जानेवारीतलं विचारतील गं. कंपनीच्या चेन्नईच्या ट्रेनिंगला मी गेलो नाही, ते फॉर्मवर लिहिलंय.”

“का नव्हता गेलास?”

“बाबांचं हार्टचं ऑपरेशन होतं. धुळ्याला होतो मी पंधरा दिवस.” त्याने कागद पुढे केला. “मला म्हणायचंय, ‘जायचं नव्हतं असं नाही, पण जमलं नाही.’ हे कसं म्हणू?”

मला येत होतं. ‘नो एस के नो किसिएरा.’ मी ते सांगितलंही. त्याने चारपाचदा म्हणून बघितलं आणि प्रत्येकदा अडखळला.

“हे किसिएरा जिभेवर बसतच नाही. ‘नो किसे’ म्हटलं तर चालेल? छोटं आहे.”

नाही चालत. ‘नो किसे’चा अर्थ अगदी वेगळा होतो. ‘नो केरीआ’ म्हणजे मनात नव्हतं, आणि ‘नो किसे’ म्हणजे साफ नकार दिला. जायला सांगितलं आणि मी नाही म्हणालो, असा. मॅडमनी त्याच्याखाली दोन रेघा मारायला लावल्या होत्या. माझ्या वहीत त्या दोन रेघा होत्या, आणि वही माझ्या मांडीवर बंद होती.

“चालेल,” मी म्हटलं.

“नक्की ना?”

“एवढं काय... चालेल म्हटलं ना!”

“तू आहेस म्हणून बरं आहे,” तो म्हणाला आणि माझ्या चहाचे पैसे देऊन शिफ्टला पळाला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आईने कपाळाला हात लावून बघितला.

गुरुवारी अकरा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. टेबलाच्या टोकाला प्लांट मॅनेजर माधव सर, त्यांना स्पॅनिशचा गंध नाही. भिंतीवरच्या स्क्रीनवर मशीन कंपनीची चष्मेवाली बाई, आखूड केस, हातात पेन. आधी माझी मुलाखत झाली. छान झाली, उगाच कशाला लाजू. बाई दोनदा हसल्या.

मग ललित. सुरुवात बरी झाली. मशीनबद्दल तर तो माझ्याहून चांगलं बोलला, हातवारे करून, बेअरिंगचा आवाजसुद्धा काढून दाखवला. बाई खळखळून हसल्या. आणि मग त्यांनी कागद उलटला. जानेवारीतलं ट्रेनिंग... का गेला नाहीत?

ललित सरळ बसला. “नो किसे इर. मि पाद्रे—”

‘माझे बाबा’पाशीच बाईंचं हसू गेलं. त्यांनी मध्येच विचारलं, “से नेगो उस्तेद?” म्हणजे, तुम्ही नकार दिलात?

ललितला तो शब्द माहीत नव्हता. घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. मान डोलावली. “सी, सी.”

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. या खोलीत ती चूक फक्त मला कळत होती, आणि ललितला तर आयुष्यात कधी कळली नसती. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला असता, ‘बरं गेलं ना गं?’ आणि मी म्हटलं असतं... काय म्हटलं असतं मी?

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि भुवया उंचावून विचारलं, बरोबर ना?

“पेर्दोन, सेन्योरा,” मी उभी राहिले. “एल नो से नेगो. केरीआ इर. नो पुदो.” त्याने नकार दिला नाही. त्याला जायचं होतं. जमलं नाही. बापाचं हृदय, ऑपरेशन, सगळं मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. “ला कुल्पा एस मीआ.” चूक माझी आहे. मी त्याला मुद्दाम चुकीचं शिकवलं.

“पोर के?” बाईंनी शांतपणे विचारलं. का?

“पोर्के यो केरीआ इर.” कारण मला जायचं होतं.

“दुर्गा, काय चाललंय?” माधव सर कडाडले. “मराठीत सांग!”

मग मराठीत सांगावं लागलं. ललित शेजारी बसलेला असताना. मी सगळं सांगितलं आणि त्याच्याकडे न बघता खाली बसले. त्याच्या हातातलं पेन टेबलावर टकटक वाजत होतं, ते थांबलं.

कॉरिडॉरमध्ये त्याने मला गाठलं. “मुद्दाम?”

“हो.”

“मी मॅडमना फोन करू शकत होतो, दुर्गा. गूगलवर बघू शकत होतो. तुला विचारलं. का विचारलं, माहितीये?”

आणि उत्तराला न थांबता तो निघून गेला.

सोमवारी नोटीस लागली. ललित. माधव सरांनी मला केबिनमध्ये बोलावून चांगलं फैलावर घेतलं, आणि शेवटी म्हणाले, “दुसरी मशीन पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला येईल. तेव्हा अर्ज कर. बघू.” मी लेडीज टॉयलेटमध्ये जाऊन पोटभर रडले. सीटसाठी रडले आणि त्याच्यासाठी रडले, आणि कशासाठी जास्त, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पुढचे अडीच महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. ‘मोटर बंद कर.’ ‘बाजूला हो.’ बस्स.

दिवाळीनंतर त्याचा व्हिसा आला. तो निघाला त्या दुपारी मी अर्धी सुट्टी टाकून सिल्वासाच्या बस स्टँडवर गेले. वापीच्या बसला वेळ होता. तो बॅगेवर बसला होता.

“का आलीस?”

“सॉरी म्हणायला. नीट म्हटलंच नव्हतं.”

“मग म्हण.”

“सॉरी.”

“बरं.” तो बसकडे बघायला लागला. तिथली पेरूवाली मावशी मात्र आमच्याकडेच बघत होती.

“अजून एक आहे...” मी बसच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. “ललित, ते किएरो.”

त्याने बॅगेचा पट्टा उगाच घट्ट केला. मग म्हणाला, “अर्थ काय याचा?”

“माहितीये तुला.”

“तू सांगितलेला अर्थ माहितीये. तो खरा असतो का, ते कुठं माहितीये मला?”

लागलं. लागायलाच हवं होतं.

“मराठीत बोल,” तो म्हणाला. “त्यात तुला मला फसवता येणार नाही.”

“तू मला आवडतोस,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला, मावशीचा हात पेरूवर थांबला. “खूप आवडतोस. ‘चालेल’ म्हटलं ना, तेव्हाही आवडत होतास. तरी म्हटलं. म्हणून तर मला माझीच इतकी किळस आली.”

“गप्प बसली असतीस तर मला कधीच कळलं नसतं.”

“मला कळलं असतं ना.”

त्याने डोळे चोळले. “मला पण.”

“काय मला पण? पूर्ण वाक्य बोल.”

“मला पण तू आवडतेस.” आता कुठे त्याच्या ओठांवर थोडंसं हसू आलं. “राग आहे अजून. सांगून ठेवतो. पण आवडतेस.”

“किती दिवस राहील राग?”

“काय माहीत.” तो उठला, बॅग उचलली आणि थबकला. “वर्षभर थांबशील?”

“थांबते कशाला? पुढच्या वर्षीची मुलाखत मी देणार आहे. मीच येते तिकडे. तोवर तुझा राग संपव.”

कंडक्टरने बेल मारली. ललितने आत चढून खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो धरला, आणि बस हलेपर्यंत दोघांनीही सोडला नाही.