दहाव्या गाण्याची झील

निवृत्त झालेल्या माणसाला तपासायला काही दिलं नाही तर तो बायकोचा स्वयंपाक तपासायला लागतो. सुशीलाबाईंनी हे चार महिने सोसलं आणि मग पुण्याच्या लेकीला फोन लावला. "तुह्या बाबाले कायच्यात तरी गुंतव," त्या म्हणाल्या. "आज वरनात मीठ किती ग्राम टाकलं म्हून इचारून राहिले."

तृप्ती चार दिवसांची सुटी काढून आली आणि जाताना बापाच्या फोनवर गाण्यांची ॲपं टाकून गेली. सगळी महिनाभर फुकट. "बाबा, आयकून पाहा सगळे. तुमच्या कामाचा वाटन तो ठेवा, बाकीचे काढून टाका."

तपासायचं म्हटल्यावर संघपालचा चेहरा खुलला. जवाहरनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यानं माल तपासण्याचंच काम केलं होतं. आता फाटकाबाहेर, कारखान्याचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर त्यानं घर बांधलं होतं, आणि भोंगा झाला की त्याचा हात अजूनही खिशातल्या पासाकडे जायचा. त्यानं एक जुनी डायरी काढली, फूटपट्टीनं रकाने आखले आणि ऐकायच्या गाण्यांची यादी करायला बसला.

यादी सोपी नव्हती, कारण संघपालची आवडच अवघड होती. त्याला भीमगीतं हवी होती, पण शहरात लाउडस्पीकरवर वाजतात ती नव्हेत. साकोली, लाखनी, तुमसरकडच्या गावोगावच्या मंडळांनी ऐंशीच्या दशकात भरलेल्या कॅसेटी त्याला हव्या होत्या. चौदा एप्रिलला निळ्या झेंड्यांखाली सतरंजीवर त्या विकायला असत आणि दोन वर्षांत घासून संपत. एक पेटी, एक ढोलकी, एक डिमडी. पुढे मुख्य गायक, आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे झील धरणारा. मुख्य गायक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतो आणि पुरी करून परत देतो. ती परत आल्याशिवाय मुख्य गायक पुढे जात नाही. हा त्या गाण्याचा कायदाच आहे.

नऊ गाणी त्यानं आठवून आठवून लिहिली. दहावं लिहिलं ते मुद्दाम खोटं.

ही कारखान्यातली रीत होती. मालाच्या ढिगात साहेब एखादा ठाऊक असलेला खराब नग गुपचूप सरकवत. तपासणाऱ्यानं तो पकडला तर तो जागा आहे. त्यालाही चांगला म्हटलं तर बाकीच्या नगांवरच्या त्याच्या सहीला अर्थ नाही. तसं संघपालनं दहाव्या ओळीत जगात कुठेच भरलं न गेलेलं गाणं लिहिलं. 'कंदील होता उसना', गायक डोमा, मुक्काम एकोडी.

डोमा त्याचा थोरला भाऊ. गाणं त्यानंच रचलं होतं आणि एकदाच लोकांसमोर म्हटलं होतं, शहाण्णवच्या जयंतीला, एकोडीच्या विहारासमोर. त्या वेळी संघपाल त्याच्या उजव्या खांद्यामागे नव्हता. ड्युटी आहे, असा त्यानं निरोप पाठवला होता. ड्युटी नव्हती. महिन्यापूर्वीच त्याला बढती मिळाली होती, आणि कानावर हात ठेवून भावाच्या मागे 'गा, गा' करणं आता बरं दिसत नाही, असं त्याचं त्यालाच वाटलं होतं. त्या दिवशी तो क्वार्टरमध्ये पंख्याखाली पडून होता. जूनमध्ये डोमाला ताप आला, डोक्यात गेला आणि पाचव्या दिवशी तो गेला. पुढची सव्वीस वर्षं संघपालनं झील धरली नाही. डोमाचा आवाज कुठेच उरला नव्हता, आणि तो पुन्हा एकदा ऐकावा यापलीकडे त्याला खरं तर काहीच नको होतं. हे त्यानं सुशीलेलाही कधी सांगितलं नव्हतं.

पहिल्या ॲपानं दहापैकी दोन गाणी दिली आणि दहाव्याच्या बदल्यात व्यायाम करताना ऐकायचं काहीतरी पुढे केलं. दुसऱ्यानं तीन. तिसऱ्यानं चार, पण त्यातल्या दोन गायकांची गावं चुकलेली. संघपालनं लाल शाईनं तसे शेरे मारले.

चौथ्या ॲपाचं चिन्ह मातकट रंगाचं होतं, धानाच्या बांधीतल्या चिखलासारखं. पहिलं गाणं सापडलं. दुसरं सापडलं. पाचव्याला तर कॅसेटच्या आवरणावरचा मंडळाचा फोटोही होता. नववं सापडलं तेव्हा तो खुर्चीत सरळ बसला होता.

दहावं त्यानं टाइप केलं.

'कंदील होता उसना. डोमा, एकोडी. सात मिनिटं.'

संघपालनं चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. त्याला आधी राग आला, खराब नग पास करणाऱ्या पोराचा यावा तसा. नावावरून काहीतरी जुळवलं असेल या यंत्रानं, असं म्हणून त्यानं गाणं लावलं.

ढोलकीचे चार ठेके. मग डोमा.

*कंदील होता उसना माझा, पुस्तक होतं उसनं...*

तोच आवाज, वर चढताना किंचित नाकात जाणारा. संघपालच्या हातातला पेन गळून पडला. ओळ संपली आणि गाणं थांबलं. पडद्यावरचे सेकंद पुढे सरकत होते, पण आवाज नव्हता. नीट कान दिल्यावर कळलं की आवाज होता. कोणी खोकत होतं. कुठेतरी लेकरू किरकिरत होतं. ढोलकीवाला एका बोटानं चामड्यावर टिकटिक करत होता. आणि मधेच डोमानं बारीक खाकरल्यासारखं केलं. संघपाल झील उचलायला उशीर करायचा तेव्हा तो तसं करायचा, मागे वळून न पाहता.

सात मिनिटं संपली. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा तीच ओळ, आणि पुन्हा ते थांबणं.

संध्याकाळी त्यानं तृप्तीला फोन केला. "तो चौथा ॲप कोन्या कंपनीचा आहे वो, बेटा?"

"चौथा? मी तीनच टाकले होते, बाबा."

"मंग हा कुठून आला?"

"काईतरी दाबलं असन तुमी. राहू द्या, मी आली का पाहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एकोडीला वहिनीला फोन लावला. पार्वताबाई आता सत्तरीच्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. इकडचं तिकडचं झालं. हलकं धान निसवलं होतं, पाणी बरं होतं. मग त्यानं हळूच विचारलं, त्या वर्षीच्या जयंतीचं गाणं कोणी टेपवर भरलं होतं का.

"कोनं भरन, भाऊजी? लाईटच नोहोती. गॅसबत्तीवर झाला कार्यक्रम. माइक नाई, काई नाई."

"गानं झालं होतं ना पन?"

वहिनी म्हणाल्या, "कुठी झालं? पयली ओळ टाकली अन उभेच राहिले. लोकं म्हनत, दुसऱ्या कोनाले झील धरू द्या. आयकलंच नाई. संघपाल येते म्हने, बस येवाची आहे. मंग लोकं उठून गेले."

"मले कोनी सांगतलं नाई काहून?"

"सांगून काय होनार होतं? ड्युटी होती तुमाले."

"हाव," संघपाल म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ अंगणातल्या दोरीवरचे कपडे पाहत बसला. त्याला वाटलं होतं, आपण गेलो नाही तर भावानं दुसरा कोणी उभा केला असेल, चार शिव्या घातल्या असतील आणि गाणं झालं असेल. इतकी वर्षं त्यानं याच समजुतीवर काढली होती. आता तीही गेली, आणि त्याला इतकं वाईट वाटलं की सुशीलाबाईंनी आणलेला चहा त्यानं तसाच साय धरेपर्यंत ठेवला.

तपासणारा माणूस मात्र तपासल्याशिवाय राहत नाही. त्यानं घड्याळ लावून मोजलं. पहिल्या दिवशी पहिली ओळ एकविसाव्या सेकंदाला संपली होती. आजही एकविसाव्याच. पण खाकरणं आधी एकदा होतं, आता तीनदा झालं होतं. लेकराचं किरकिरणं थांबलं होतं. चटया गुंडाळल्याचा, चपला शोधल्याचा आवाज येत होता. लोक उठून चालले होते. त्यानं डायरीत तसं लिहिलं आणि मग लिहिलेलं पुन्हा वाचायची त्याला हिंमत झाली नाही.

गुरुवारी दुपारी सुशीलाबाई मागच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. रस्त्यावर कारखान्याची रिकामी बस उभी होती. संघपालनं दार लोटलं, फोन टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं.

*कंदील होता उसना माझा, पुस्तक होतं उसनं...*

थांबणं. टिकटिक. या वेळी माणसांचा आवाजच नव्हता. गॅसबत्तीचा सूं सूं आवाज, आणि त्यात एका माणसाचा श्वास.

संघपालनं डावा हात कानावर ठेवला. ही झील त्यानं डोमाकडून एकदाच ऐकली होती, बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून, आणि ती विसरल्याचं त्यानं स्वतःला कितीदा तरी सांगितलं होतं.

"उजेड माझा होता गा," तो म्हणाला. अगदी हळू. "उजेड माझा होता."

ढोलकी उठली.

*पाटी होती फुटकी माझी, दप्तर होतं पोतं...*

डोमानं दुसरी ओळ टाकली होती.

संघपालच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आता तो थांबणार नव्हता. त्यानं झील उचलली. तिसरी ओळ आली, तीही उचलली. आवाज फाटत होता आणि सापडत होता. चौथ्या कडव्याला डोमानं ताल मुद्दाम ओढला, झीलकऱ्याची गंमत करायला ओढायचा तसा, आणि संघपाल रडता रडता हसला.

सात मिनिटं कधीच उलटून गेली होती.

शेवटची ओळ परत दिल्यावर ढोलकी थांबली. टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवायला तिथं कोणी उरलं नव्हतं.

मग डोमा अगदी जवळून, गाण्याच्या नाही तर बोलण्याच्या आवाजात म्हणाला, "आला काय गा?"

"आलो, दादा," संघपाल म्हणाला.

फोन गप्प झाला.

दार उघडून सुशीलाबाई आत आल्या. हातात तांदूळ निवडायचं सूप होतं. त्यांनी खोलीभर पाहिलं, पलंगाच्या पलीकडेही पाहिलं.

"कोन आलं होतं जी?"

"कोनी नाई. गानं लावलं होतं."

"गानं नाई. दोघं जन बोलले आता." त्यांनी हवेत वास घेतला. "अन हा धुराचा वास कायचा येऊन राहिला? घासलेट जळल्यावानी."

त्याला कसलाच वास येत नव्हता. त्या सूप घेऊन परत गेल्या, पण या वेळी दार त्यांनी उघडंच ठेवलं.

संघपालनं फोन उचलला. त्याला फार हलकं वाटत होतं, तापातून उठलेल्या माणसाला वाटतं तसं. बाकीची तीन ॲपं त्यानं एकेक करून काढून टाकली. मातकट चिन्ह तेवढं ठेवलं. पुन्हा एकदा गाणं लावावं म्हणून उघडलं, तर 'कंदील होता उसना'च्या खाली आणखी एक ओळ आली होती, राखाडी अक्षरांत. ती अजून वाजत नव्हती.

गाण्याचं नाव नव्हतं. फक्त लिहिलं होतं, 'मुख्य गायक : संघपाल. झील : डोमा. येत्या रविवारी.'

त्यानं आयुष्यात कधी मुख्य गायक म्हणून गायलं नव्हतं. असं गाणं कधी झालंच नव्हतं. ते अजून व्हायचं होतं.

ओळीच्या बाजूला एक छोटं बटण होतं. महिनाभर हेच उद्योग केल्यामुळे ते कशाचं असतं हे त्याला आता ठाऊक होतं. गाणं यायच्या आधी ते दाबून ठेवलं की आल्यावर फोन आठवण करून देतो, आणि किती जण वाट पाहत आहेत तो आकडा खाली दिसतो.

संघपालनं अंगठा बटणावर नेला. सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज मागून येत होता, रोजच्यासारखा. त्यानं बटणाखालचा आकडा पाहिला.

वाट पाहणारे : १.

त्यानं अजून बटण दाबलं नव्हतं.