मेर्तोलाच्या चार रात्री

लायब्ररीच्या नकाशावर पेन्सिलीनं खुणा करणारा माणूस कसला असणार, याबद्दल शिवांगीचं मत एका क्षणात ठरलं. शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या बॉथेलच्या लायब्ररीत ती दक्षिण पोर्तुगालचा नकाशा शोधत आली, तर खिडकीजवळच्या टेबलावर तोच नकाशा पसरून एक उंच मुलगा निवांत गोल काढत बसलेला. वर फोनवर कुजबुजतही होता, "हो आई, खाल्लं. ब्रेकफास्ट केला म्हणजे खाल्लंच ना."

म्हणजे आपलाच. मग तर शिवांगीला रान मोकळंच मिळालं.

"नकाशा लायब्ररीचा आहे, घरचा नाही," ती म्हणाली.

त्यानं दचकून नकाशाकडे पाहिलं, पेन्सिलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ. "सॉरी. पण लाइट काढलंय. खोडता येतं."

"मग खोडा."

तो खरंच खोडायला लागला. कान लाल, मान खाली. एकेक गोल पुसत तो मेर्तोला नावाच्या नदीकाठच्या गावापाशी आला आणि शिवांगीचा हात आपोआप पुढे झाला — "ते राहू दे."

तो हसला. तिला त्या हसण्याचाही रागच आला, कारण ते छान होतं.

त्याचं नाव देवांग. जन्म इथलाच, आणि धंदा काय, तर हायस्कूलमध्ये भूगोल शिकवणं! भूगोलाचा मास्तर आणि लायब्ररीच्या नकाशावर खुणा! शिवांगीनं हे त्याला पुढे दोन महिने ऐकवलं. ती नागपूरची, एका औषध कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर, अमेरिकेत सात वर्षं. या सात वर्षांतली तिची एकूण एक सुट्टी इतरांच्या नावावर गेली होती. बहिणीचं लग्न, भावाच्या मुलाची मुंज, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग बहिणीचं डोहाळजेवण. यंदा मात्र जूनमधले बावीस दिवस तिनं स्वतःसाठी मागून घेतले होते. जायचं तर अशा गावांना, जिथे ओळखीतलं कुणी गेलेलं नाही आणि "ते नाही बघितलंस? मग काय बघितलंस?" असं कुणी विचारणार नाही.

देवांगलाही तीच गावं हवी होती. मग दर शनिवारी कॉफी, बाहेर बॉथेलची ती कधी न संपणारी भुरभुर, आणि मधे लॅपटॉपवर दोघांची एक शीट. तारीख, गाव, मुक्काम. भांडणंही तिथेच.

"जूनमध्ये खूप हॉट असतं तिकडे. तुला चालेल?" त्यानं एकदा काळजीनं विचारलं.

"नागपूरच्या मुलीला विचारतोयस?"

"मग मला कोण सांभाळणार?" तो गंभीरपणे म्हणाला.

मेर्तोलाच्या चार रात्रींपुढे त्यानं लिहिलं होतं, 'काही नाही. नदी.' ती चिडली. अमेरिकन पासपोर्ट खिशात असलेल्या माणसानं खुशाल 'काही नाही' लिहावं. तिला भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढायचा होता. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला विमानानं जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, रोजचा बेत दाखवायचा, एकेका रात्रीचं बुकिंग दाखवायचं. एकही रात्र कोरी चालत नाही, हे तिनं त्याला समजावून सांगितलं. त्यानं निमूट ऐकलं आणि सगळी बुकिंग स्वतः केली. शीटवर त्याचा निळा कर्सर तिच्या हिरव्याच्या घरात येऊन थांबायचा. दोघंही हलवायचे नाहीत...

आणि मग तो सोमवार उजाडला. व्हिसाची अपॉइंटमेंट गुरुवारी. कागद छापायला म्हणून शिवांगीनं शीट उघडली, तर प्रवासी चौदा! देवांगचे गुरुनाथकाका, सुलेखाकाकू, त्यांची मुलगी अनिका, व्हेज जेवणासाठी वेगळं पान, व्हॅन कोण चालवणार त्याचं वेगळं पान. मेर्तोला गायब. तिथे बार्सिलोना. आणि मेर्तोलाच्या खोलीचं बुकिंग कॅन्सल!

झालं होतं ते असं. देवांगनं कौतुकानं आईला शीटची लिंक पाठवली. आईनं, म्हणजे शुभाकाकूंनी, ती तितक्याच कौतुकानं महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकली. मग काय विचारता! तिकडे खायला काय मिळणार, दोघंच कशाला, एवढ्या लांब जाऊन बार्सिलोना नाही? रविवारी देवांगच्या घरी सगळे जमले, शुभाकाकूंनी त्याला बुकिंग बदलायला सांगितलं आणि त्यानं बदललं. ज्यांच्या मांडीवर वाढला त्यांनाही 'नाही' म्हणता येतं, हे या मुलाला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

शिवांगी तडक त्याच्या शाळेच्या पार्किंगमध्ये गेली. भुरभुर चालूच होती. तिनं छत्रीही घेतली नव्हती.

"मी तुला सांगणारच होतो..." तो म्हणाला.

"सात वर्षं मी सगळ्यांच्या सोयीनं सुट्ट्या घेतल्या. कुणी मला विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. वाटलं, तू तरी विचारशील." तिनं भिजलेले केस रागानं मागे सारले. "माझी गावं परत आण. नाहीतर मी गुरुवारी जात नाही. कुठेच जात नाही."

त्यानं जॅकेट काढून पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही.

बुधवारी संध्याकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा, चेहरा ओढलेला. आईला आणि काकाकाकूंना समोर बसवून सांगून आलो, म्हणाला. सॉरी म्हणालो, ही ट्रिप शिवांगीची आहे, तुमची व्हॅन तुम्ही वेगळी न्या. आई रुसली आहे, गुरुनाथकाका मात्र पाठीवर थाप मारून गेले. मेर्तोलाच्या मालकीणबाईंना तीनदा फोन करून तीच नदीकडची खोली परत मिळवली.

शिवांगीनं उभ्या उभ्या कागद चाळले. डोंगरावरचं मार्व्हांव गाव होतं, मेर्तोलाच्या चारही रात्री होत्या, सगळं जिथल्या तिथे. पण प्रत्येक बुकिंगवर एकच नाव. तिचं.

"आणि तू?"

"मी नाही येत. मी तुझी ट्रिप खराब केली. तू म्हणालीस ना, तुला स्वतःसाठी हवी होती..."

एवढा वेळ तिनं कसाबसा आवरलेला राग आता पुन्हा उसळला, आणि या वेळी तो फार वेगळ्या जागेवरून आला.

"मी गावं परत आण म्हणाले होते. स्वतःला काढून टाक म्हणाले होते का? पुन्हा मला न विचारता? चार रात्री नदीकाठी मी एकटीनं बसू? कुणाशी भांडू?"

तो दारातच एक पाऊल पुढे आला. मग अगदी हळू म्हणाला, "तू मला आवडतेस, शिवांगी. पहिल्या दिवसापासून. तू ओरडत होतीस तेव्हापासून."

"माहितीये. लॅपटॉप उघड आणि नाव घाल."

तो तिथेच पायरीवर बसला. ती शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. घाईघाईत त्यानं स्वतःचंच नाव दोनदा चुकीचं टाइप केलं. शेवटी तिनं त्याचा हात बाजूला केला, तो आपल्या हातात धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं नाव स्वतः लिहिलं.

"उद्या व्हिसाच्या काउंटरवर विचारलं, हा कोण, तर?" त्यानं विचारलं.

"माझा माणूस आहे म्हणून सांगेन," ती म्हणाली. अजून रागातच.