बोटीआधीची दुपार

नागपूरची गाडी सकाळी बंगळुरात पोचली आणि कोचीची होती संध्याकाळी. कोचीहून दुसऱ्या दिवशी लक्षद्वीपची बोट, पाच दिवसांची सहल. मधला वेळ स्टेशनवर कशाला काढायचा, म्हणून उमाकांतनं सामान क्लोकरूममध्ये टाकलं आणि दिवसभरासाठी टॅक्सी ठरवली. शहाण्णव सालचा मार्च होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी नयनानं अजून समुद्र पाहिलेला नव्हता.

टॅक्सीवाला मालोजी इथलाच, पिढ्यान् पिढ्यांचा मराठी. लालबाग दाखवून, जेवणं उरकून दुपारी त्यानं गाडी बसवनगुडीच्या नंदीच्या देवळापाशी आणली. तेलानं काळाभोर झालेला तो थोरला नंदी पाहून तिघं बाहेर आले. देवळाशेजारी मोठा खडक होता, भोवती जुनी झाडं. झाडांना वटवाघळं लटकलेली. भर दुपारी त्यांचा किचकिचाट चालला होता आणि गार सावलीत त्यांचा उग्र वास कोंडलेला होता.

उमाकांत एकटाच खडकावर चढून गेला. नयना फुलवालीपाशी थांबली. यल्लव्वा तिचं नाव; मालोजीच्या ओळखीची, सत्तरीची बाई. तिनं नयनाच्या केसांत मोगरा माळला, खडकाकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले. मालोजीला ती कन्नडमध्ये हळूच काहीतरी बोलली.

"सरी, ठीक आहे, चला अक्का," मालोजी म्हणाला.

"काय म्हणाली ती?"

"काय नाय. तिचं स्वल्प वय झालंय."

"मालोजी, सांगा मला."

तो घुटमळला. "ती इचारते... ही साहेबांची दुसरी बायको काय?"

नयनाला हसू आलं. "पहिली कुठे आहे म्हणावं?"

यल्लव्वानं उत्तर दिलं. मालोजी खाली मान घालून सांगू लागला, "साहेब हितं आलते म्हणते. एकटे. त्याच खडकावर संध्याकाळपर्यंत बसून होते. बायको पाण्यात गेली, बोलले." तो मोगऱ्याच्या माळांकडे पाहू लागला. "तिचं नाव नयना, बोलले."

"कधी आले होते?"

"युगादीच्या, आपल्या पाडव्याच्या, दुसऱ्या दिवशी."

पाडव्याला अजून आठवडा होता. म्हणजे गेल्या वर्षी, नयनानं मनाशी हिशेब केला. पण गेल्या पाडव्याला उमाकांतचा पाय प्लास्टरमध्ये होता. पाण्याचा पेलाही तीच हातात देत होती.

ती खडकावर चढली. उमाकांत एका खोलगट जागी पाय जवळ घेऊन बसला होता, रोजची जागा असावी तसा.

"तुम्ही इथे पूर्वी आला होतात?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही." मग तो म्हणाला, "नयना, मला इथे बसून फार वेळ झाला का गं?"

दहा मिनिटंही झाली नव्हती. पण त्याचे डोळे लाल होते.

टॅक्सी परत स्टेशनकडे निघाली. नयना त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहत राहिली. सहलीचा हट्ट याचाच. मला पोहता येत नाही, हे याला ठाऊक. मनात असले विचार आले म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली, पण ते काही केल्या जाईनात. स्टेशनवर क्लोकरूमपुढे तिनं सांगितलं, "मी बोटीवर येणार नाही."

तिला वाटलं होतं, तो चिडेल. वर्षभराची तयारी होती. तो एवढंच म्हणाला, "बरं." आणि नागपूरच्या तिकिटांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या "बरं"नं ती जास्त घाबरली.

बोट ठरल्याप्रमाणे गेली आणि सुखरूप परत आली. वर्तमानपत्रात रोज शोधूनही अपघाताची बातमी नव्हती. पाडवा झाला, गुढी उतरली. नयना मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागू लागली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. सहलीच्या कंपनीतला कोणी हयवदन बोलत होता. कोचीहून, सावकाश, जपून.

"उमाकांतसाहेबांशी बोलायचं होतं. त्यांच्या काही वस्तू बोटीवर राहिल्यात."

"काहीतरी चूक होतेय. आम्ही आलोच नव्हतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "चढताना दोघांच्या सह्या आहेत, मॅडम. उतरताना मात्र... साहेबांची एकट्याची." मग त्यानं विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"मी त्यांची बायको. नयना."

"मॅडम," त्याचा आवाज अगदी खाली गेला, "साहेबांची बायको पाण्यात गेली, त्या कठड्यापासून त्यांना उठवायला आम्हाला चार माणसं लागली. असली थट्टा करू नये."

फोन बंद झाला. समोरच्या खुर्चीत उमाकांत पेपर वाचत बसला होता. कोणाचा फोन होता, हे त्यानं विचारलं नाही.