भिंतीला दिलेला शब्द

मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण साडेतीनला बुटकीला औषध द्यायचं होतं आणि तिच्या आईचा अर्धा जीव घड्याळात अडकला होता. घरातलं घड्याळ पुरानंतर बंद पडलेलं. म्हणून गवंडीमामांनी आपल्या मनगटावरचं काढून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून ठेवलं होतं. "माझं काम काही घड्याळावर चालत नाही ताई, तुमच्या पोरीचं चालतंय," असं म्हणाले होते.

घर म्हणजे आठ घरांच्या ओळीतलं तिसरं. शेजारच्या घराची आणि ह्यांची भिंत एकच. पाणी छातीपर्यंत चढलं आणि अडीच दिवस तसंच उभं राहिलं. ओसरलं तेव्हा नडगीएवढा गाळ मागे ठेवून गेलं. तो खरवडून काढायलाच आठवडा गेला. वीज अजून आली नव्हती. दारं फुगून चौकटीत बसत नव्हती, मधल्या खोलीची खिडकी तर फळी ठोकून बंद केली होती. त्यामुळे भर दुपारी त्या खोलीत तिन्हीसांजेसारखा उजेड असायचा. आणि वास... गाळाचा, फिनेलचा, कुजलेल्या गादीचा. कपडे कितीही धुतले तरी तो वास अंगाला चिकटून राहायचा.

त्याच खोलीत बुटकीची लोखंडी खाट विटांवर उचलून ठेवली होती, भिंतींची ओल लागू नये म्हणून अगदी मधोमध. बुटकी सहा वर्षांची. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचंही. पुरानंतर चौथ्या दिवशी तिला ताप भरला, मग घसा धरला. डॉक्टर म्हणाले, "घसा आतून सुजलाय. आठ दिवस एक शब्द बोलू द्यायचा नाही. आणि श्वास अडकतोय असं वाटलं तर होती तशी उचलून आणायची. कुणाची वाट बघत बसू नका."

आता जी पोर बोलू शकत नाही, ती आईला हाक कशी मारणार? बाबा दिवसभर गोदामात कामावर. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यात ओलीने खोकला, म्हणून त्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या. बुटकीच्या आईने मग युक्ती काढली. बुटकीच्या हातात एक चमचा दिला. खाटेच्या दांडीवर एकदा वाजवलं तर पाणी हवंय, दोनदा वाजवलं तर आई, ये. आणि आईचे हात गाळात असले तर तीही भिंतीवर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायची. म्हणजे, आले.

सासूबाईंना त्याचं हसू यायचं. "घरात तारऑफिस उघडलंय म्हणे! मी तीनदा खोकले तर चहा मिळेल का गं?"

"तुम्ही न खोकताच मिळतो की," बुटकीची आई म्हणायची आणि आधण ठेवायची.

तर त्या मंगळवारी गवंडीमामा गिलावा तपासत होते. पुराचं पाणी भिंतीत शिरलं की गिलावा विटांपासून सुटतो, वरून मात्र धड दिसतो. मामा हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकत जायचे आणि दुसरा तळहात भिंतीवर ठेवायचे. त्यांचा एक कान तोडफोडीच्या कामात कधीच गेला होता. "कान फसवतो," ते म्हणायचे, "हात नाही फसवत. जिथं पोकळ आहे तिथं हाताला कळतं." जिथं बद्द आवाज येई तिथं खडूने फुली.

तीन वीसला ते चहासाठी बाहेर सासूबाईंजवळ जाऊन बसले. बुटकीची आई स्वयंपाकघरात डब्यांच्या खाचांतला गाळ काडीने काढत होती.

टक. टक.

तिचे हात कोपरापर्यंत बरबटलेले. तिने पेरांनी भिंतीवर दोनदा वाजवलं, हात धुतले आणि आत गेली. बुटकी टक्क जागी होती. कपाळ तव्यासारखं तापलेलं. चमचा मुठीत. "काय गं सोनू?" बुटकीने नुसतं पाहिलं आणि मान हलवली. आईने पाणी पाजलं, कपाळावर पट्टी बदलली, औषध दिलं. पाणी मात्र पोर घटाघटा प्यायली.

बुधवारी असं चार-पाचदा झालं. तहान लागली की एकदा. पट्टी वाळली, अंग चिकट झालं, कूस बदलायची झाली की दोनदा. अगदी वेळेवर. आईला बरं वाटलं. पोर आजारात शहाणी झाली, म्हणाली. प्रत्येक वेळी तिने भिंतीवर उत्तर दिलं. आले. आले.

गुरुवारी दुपारी मामा स्वयंपाकघरात त्या सामाईक भिंतीवर तळहात ठेवून उभे होते. दुसऱ्या हातात खडू.

टक. टक.

तिने वाकून भिंतीवर दोनदा वाजवलं. मामांनी हात झटकन मागे ओढला आणि सदऱ्याला पुसला.

"ताई... पोरगी कशावर वाजवते?"

"खाटेवर."

"खाट भिंतीला लागून आहे?"

"नाही. मधोमध आहे. का हो?"

मामांनी भिंतीकडे बोट केलं. "हे आत्ताचं खाटेवरचं नव्हतं. माझ्या हाताखाली वाजलं. पलीकडून."

पलीकडचं घर बंद होतं. तिथले आजी-आजोबा पुराच्या दिवशी सकाळीच मुलाकडे गेले होते आणि किल्ली सासूबाईंकडे ठेवून गेले होते. मामा आणि ती दोघं कुलूप काढून आत शिरले. आतला गाळ कुणी काढलाच नव्हता. तो वाळून तडकला होता, जमिनीवर खपल्याच खपल्या, कडा वर उचललेल्या. दारापासून भिंतीपर्यंत एकही खपली मोडलेली नव्हती. मांजरसुद्धा त्यावरून गेलं नव्हतं. भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत गाळाचा पापुद्रा बसला होता. फक्त एका ठिकाणी, कमरेएवढ्या उंचीवर, चार बोटं रुंद जागा स्वच्छ होती. घासून घासून गुळगुळीत झाली होती.

"ओळीतलं कुणी... पाण्यात गेलं का?" मामांनी हळूच विचारलं.

"नाही हो. आठही घरांची माणसं शाळेत नेऊन मोजली. दोनदा मोजली. एकही कमी नव्हतं."

हे खरंच होतं. पण बोलता बोलता तिची नजर त्या घासलेल्या जागेवर गेली. होडी दाराशी आली होती तो दिवस तिला आठवला. बुटकीला खांद्यावर घेऊन ती पाण्यातून दाराकडे निघाली तेव्हा ह्याच भिंतीवर दोनदा वाजलं होतं. तरंगता डबा आपटत असेल, ती मनात म्हणाली होती. होडीवाला ओरडत होता. पलीकडे कुणी नाही हे तिला माहीतच होतं. मग खाटेच्या खुणा ठरवताना तिला दोन हाच आकडा का सुचला...

"कोण आहे ते विचारू नका," मामा बाहेर आल्यावर कुलूप लावत म्हणाले. "पण उत्तर देणं बंद करा. तुम्ही त्याला 'आले' म्हणता आणि जाता दुसरीकडेच. हे बरं नाही, ताई."

त्या संध्याकाळी तिने बुटकीला सांगितलं, "आता वाजवायचं नाही हं. मीच दर पंधरा मिनिटांनी येईन. घड्याळ बघून येईन." बुटकीने मान डोलावली. नवऱ्याला काय सांगणार? तो दिवसभर पोती उचलून यायचा आणि पाठ टेकताच झोपायचा.

शुक्रवारी गिलाव्याचं काम होतं. मामा एकटेच. कालवलेला माल लवकर वापरावा लागतो, नाहीतर घट्ट होतो. म्हणून घमेलं भरून द्यायला, पाणी आणायला ती हाताशी होती. पंधरा मिनिटं झाली की हात धुऊन बुटकीकडे. पोर निजलेली. परत घमेलं. असं दोन वाजेपर्यंत बिनघोर चाललं.

दोन वाजून आठ मिनिटांनी भिंत वाजली.

टक. टक.

तिने ओठ दाताखाली धरला. आत्ताच तर बघून आले होते. आठच मिनिटं झाली होती.

टक. टक.

"बुटकी नाही," ती स्वतःशी पुटपुटली. "बुटकी नाही, बुटकी नाही..." तिने घमेलं उचललं. मामांचा एक हात भिंतीवर होता. त्यांनी तो काढला नाही, पण चेहरा उतरला. मग आवाज वाढला. दोन-दोन, दोन-दोन, मध्ये उसंतच नाही. मामांनी नुकताच सारखा केलेला ओला गिलावा थरथरला आणि त्याचा एक पोपडा तिच्या पायाशी पडला. तिने दोन्ही कान दाबले. घड्याळाचा काटा जागचा हलत नव्हता. अजून पाच मिनिटं... अजून साडेचार...

तेवढ्यात दारातून सासूबाई कडाडल्या. "अगं, कधीची बोलावतेय लेकरू! कानात बोळे घातलेस का?"

सासूबाईंनाही ऐकू आलं होतं! ती धावली.

बुटकीचे ओठ निळे पडले होते. मान ताणलेली, डोळे पांढरे, छाती आत ओढली जात होती आणि हवा जात नव्हती. ती पोरीला उचलून बाहेर आली तेव्हा मामांनी मोटरसायकल चालू केली होती. हात धुवायलाही ते थांबले नव्हते. दवाखान्याच्या पांढऱ्या फरशीवर दोघांच्या सिमेंटच्या पावलांचे ठसे उमटत गेले.

"आणखी पाच मिनिटं गेली असती तर..." डॉक्टर नंतर म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

चार दिवसांनी बुटकीला बोलायची परवानगी मिळाली. आवाज घोगरा झाला होता. बाबा दवाखान्यातल्या खाटेजवळ सफरचंद कापत बसले होते. आईने तिचे केस मागे सारले आणि ती रडत रडत म्हणाली, "तू एवढं वाजवत होतीस आणि मी आले नाही गं. मला माफ कर."

"मी नाही वाजवलं," बुटकी म्हणाली. "माझा हातच उचलत नव्हता."

"मग?"

"तिने वाजवलं. तीच रोज वाजवायची. मला पाणी हवं असलं की मी नुसतं मनात म्हणायचे."

बाबांचा सुरीचा हात थांबला. "कुणी, बाळा?"

"पलीकडची. मला दिसत नाही ती. नुसती बोलते." बुटकीने सफरचंदाची फोड घेतली. "त्या दिवशी म्हणाली, तुझी आई आज येतच नाहीये. मी जोरात बोलावते. पण मग नंतर तिने माझ्याकडे यायचं."

आईने तिला जवळ ओढलं.

"ती म्हणते, तुझी आई रोज मला 'आले' म्हणते आणि येत नाही." बुटकीने आईकडे पाहिलं. "तू कधी जाणार आहेस, आई?"

तापात मुलं काहीबाही बोलतात, असं बाबा म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी त्या घरात बायको-पोरीला पाऊल टाकू दिलं नाही. दुसऱ्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघितल्या. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वर नेलं. त्याही वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि असं त्यांच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच झालं असेल.

काम अर्धं सोडायचं नाही म्हणून मामांनी ती भिंत एकट्याने पुरी केली. मग एक दिवस बुटकीला बघायला आले. तिच्याशी हसले, थट्टा केली. ती खेळायला गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "आता वाजत नाही, ताई. एकदाही नाही. सगळी भिंत ठोकून पाहिली. कुठंच पोकळ नाही, एकदम भरीव बसलीय."

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या.

"हो. पण..." मामांनी आपला तळहात उलटा करून पाहिला. "एका जागी गरम लागते. इथं." त्यांनी हात कमरेच्या उंचीवर धरला. "ऊन पडत नाही तिथं, मागे चूलही नाही. तापातल्या पोराचं कपाळ लागतं ना हाताला, तशी. बाकीच्या कामाला रोज गेलो की आधी तिथंच हात ठेवतो. कालच्यापेक्षा आज जास्तच होती..."

बुटकीच्या आईने त्यांना चहा दिला. मामा गेल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. कुणाचं तरी लेकरू तापाने फणफणलंय आणि आपण 'आले' म्हणून इथं उभ्या आहोत, असं तिला वाटत होतं. चपला पायात घातल्या आणि काढल्या. असं तिने त्या दिवशी तीनदा केलं. अजूनही करते. बुटकी शाळेत गेली की दुपारी करते. सासूबाई दाराला आतून कुलूप घालून किल्ली आपल्या कनवटीला लावून बसतात.

ऐकलंय, त्या घरात आता नवं बिऱ्हाड आलंय, आणि त्यांच्या घरी तान्हं मूल आहे. म्हणून हे सगळं सांगायचं. आठ घरांची ओळ आहे, पुरानंतर नव्याने गिलावा केलेली, त्यातलं तिसरं दार. तुमच्यापैकी कुणी तिथल्या माणसांना ओळखत असेल, किंवा ओळखणाऱ्याला ओळखत असेल, तर एवढा निरोप पोचवा. आत शिरून डाव्या हाताच्या भिंतीशी, जिथं हाताला ऊब लागेल तिथं तोंड नेऊन हळू सांगा, की बुटकीची आई शब्द विसरलेली नाही. पण तिची पोर अजून सहाच वर्षांची आहे. ती जरा मोठी होऊ दे, म्हणावं. तोवर थांब.

नुसतं तोंडाने सांगा. भिंतीवर वाजवू नका.