कोरड्या पाइपातलं पाणी

दिवा राहू दे तसाच बारीक. मोबाइल ठेवा बाजूला.

ही गोष्ट माझ्या मित्राची, आपल्या प्लंबरची. त्याच्या स्वतःच्या घरचा नळ बारा महिने टपटपतो, म्हणून आम्ही त्याला गळका म्हणतो. थापा मारणं त्याला जमत नाही. तेवढं डोकंच नाही त्याला.

मागच्या थंडीतला शेवटचा शनिवार. जेवणं उरकत असताना त्याला फोन आला. स्वयंपाकघरातला नळ रात्री आपोआप सुरू होतो, आत्ताच या. गळक्यानं स्कूटर काढली. जिन्यात खालच्या मजल्यावरची म्हातारी भेटली. म्हणाली, त्या घरात पहिल्यापासून असंच. बाई होती तेव्हाही रात्री-अपरात्री नळ सोडून ठेवायची. पाण्याची किंमतच नव्हती तिला.

वर एक माणूस आणि त्याची सहा-सात वर्षांची मुलगी. बायको वर्षापूर्वी जिन्यावरून पडून गेली, असं तो सांगायचा. बोलायला अगदी मऊ. खुर्ची दिली, चहा विचारला. पोर दाराला चिकटून उभी. बाप नुसता हलला तरी तिचे खांदे वर जायचे. गळक्याला ते खटकलं. पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलायचं, म्हणून तो कामाला लागला.

वॉशर बदलला. नळ घट्ट बंद केला. हत्यारं आवरतोय तोच पाणी धो धो सुरू. मग त्यानं मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, नळच काढून ठेवला. पाइपात बोट घालून पाहिलं. कोरडा.

तेवढ्यात पोरीच्या हातून पेला पडला.

बाप उठला. सावकाश. हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला...

आणि पाण्याचा आवाज सुरू झाला.

पाइप कोरडा. सिंक कोरडं. आवाज मात्र वाढतच गेला... इतका, की बापाचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

पोर गळक्याच्या कानाशी आली. तिला भीती वाटत नव्हती.

"काका, आई आहे ती. बाबा मारायला उठले की ती आधी नळ सोडायची. मला ऐकू येऊ नये म्हणून."

 गळक्यानं खुणेनंच विचारलं, तुझं कुणी आहे का? ती म्हणाली, मामा.

बाप दोन्ही तळव्यांनी तो कोरडा पाइप दाबून धरत होता. त्यानं मागे वळून पाहिलंच नाही.

गळक्यानं हत्यारं तिथंच टाकली. पोरीला स्कूटरवर पुढे उभं केलं. मागची सीट रिकामी. पोर हातानं मामाच्या घराची वाट दाखवत गेली.

मामानं सगळं ऐकून घेतलं. पोर आता परत जाणार नाही, म्हणाला. सकाळी पोलिसांत गेलाही. आज ती त्याच्याकडेच आहे.

पण त्या रात्री गळका निघाला, तेव्हा मामीनं हाक मारली.

"भाऊ, तुमची पाठ कशानं ओली झाली?"

त्यानं शर्ट काढून दिव्याखाली धरला. ओल्या हाताचा ठसा होता. मागे बसलेल्यानं आधाराला धरावं, तसा. मोठ्या बाईचा हात. बोटं सरळ... करंगळी मात्र मधूनच वाकडी.

मामानं त्या वाकड्या करंगळीवर बोट ठेवलं.

"दारात चेंगरली म्हणाली होती मला," तो म्हणाला.