डावा इंडिकेटर

मोनिकाताईंच्या गाडीचा डावा इंडिकेटर आपोआप लागायचा. घनसावंगीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, असले फॉल्ट रोजचेच. पण हा मोठा नखरेबाज निघाला. रस्त्यात छळायचा आणि गाडी माझ्या दारात आली की गुपचूप. दवाखान्याची पायरी चढताच ताप उतरतो ना, तसं.

ताई जवळच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दर खेपेला त्यांचे वडील, आबाराव, बाजूच्या सीटवर असायचे. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली, पण अलीकडे त्यांना ते आठवत नसे. दुकानापुढच्या लिंबाखाली बसून मला विचारायचे, "कळप पाणी पिला का रे, नागसेन?" मी हो म्हणायचो. म्हातारा खूश व्हायचा. माझा त्यांच्यावर जीव जडला होता, हे सांगायला मला लाज नाही.

मी स्टिअरिंगखालचा स्विच खोलून साफ केला, अर्थिंग घट्ट केली, वायरी हलवून हलवून पाहिल्या. काहीच सापडलं नाही. असा लपाछपी खेळणारा फॉल्ट धरायचा तर गाडीला सोडून मालकाला प्रश्न विचारावे लागतात.

"ताई, कवा होतं हे? लई ऊन असलं की? खड्ड्यात आदळली की?"

ताईंनी जरा विचार केला. "मी एकटी असले की होतं. आबा बाजूला बसले की बिलकुल न्हाई."

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आबांच्या वजनानं सीटखालची एखादी वायर दबत असणार, आणि ते उठले की ती सुटून कुठंतरी टेकत असणार. दुकानात येताना आबा सोबत, म्हणून फॉल्ट दिसत नाही. मी ताईंना म्हणालो, "उद्या गाडी हितं ठेवा आन आबांना घरी ठेवा. बराबर सापडतो का न्हाई बघा."

दुसऱ्या दिवशी ताई गाडी सोडून काळीपिवळीनं शाळेला गेल्या. ऊन असं होतं की दुकानाच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. मी डावी सीट खोलली. खालची वायर धडधाकट. किल्ली ऑन ठेवून मी चहा पीत बसलो, आणि दुपारच्या सुमाराला इंडिकेटर आपला आपण लागला.

मला आनंदच झाला. पण आवाज नीट ऐकला तेव्हा तो नेहमीचा वाटेना. इंडिकेटरला फ्लॅशर नावाची काडेपेटीएवढी डबी असते. ती करंट तोडते, जोडते, आणि टक-टक आवाजही तिचाच. तो आवाज एका लयीत चालतो. इथं दोनदा पटकन टक-टक, मग एकदा लांब, मग जरा दम. फ्लॅशर गेला, एवढंच. मी तो उपसून काढला, आवाज बंद झाला. डबी शर्टाच्या खिशात टाकली आणि नवी शोधायला उठलो.

तेवढ्यात मोनिकाताई एका टेम्पोतून उतरल्या. पायात शाळेतल्याच सपाता होत्या.

"भाऊ, आबा घरात न्हाईत. आई दळण आणायला गेल्ती, तेवढ्यात निघून गेले. सकाळपासून."

"स्टँडवर पाह्यलं का?"

"सगळीकडं माणसं फिरून राह्यलीत. पोलिसांना सांगितलं. तुम्ही गाडी द्या जल्दी."

सकाळपासून, या उन्हात, पाण्याविना. संध्याकाळच्या आत सापडले नाहीत तर काय, हे दोघांनाही कळत होतं. मी सीट कशीबशी आवळली, पॅनल दाबून बसवलं. गाडी मीच चालवायला घेतली. त्या डाव्या सीटवर बसल्या.

त्यांच्या गावाच्या अलीकडे नदीकडे जाणारा फाटा लागतो. तिथं डॅशबोर्डवर डावा हिरवा बाण लुकलुकायला लागला. टक-टक, टssक. सीटवर ताई बसलेल्या होत्या, म्हणजे माझा वजनाचा अंदाज साफ चुकला होता. मी इंडिकेटरची दांडी वरखाली केली, बाण विझेना. गावातच आधी पाहावं म्हणून गाडी सरळ नेली. आवाज वाढला. घाई झाल्यासारखा.

"भाऊ, थांबा."

ताई मान तिरपी करून ऐकत होत्या.

"आबा मेंढरं वळवताना जिभेनं असंच करायचे."

"ताई, फॉल्ट हाय तो."

"असंल. पण वळा."

मी गाडी मागं घेतली आणि फाट्याला वळवली. आवाज लगेच थांबला. मला ते आवडलं नाही.

कालव्यापाशी तो पुन्हा सुरू झाला. डावीकडे उसातून जाणारी बैलगाडीची वाट होती. ताई एकदम म्हणाल्या, "ही आमच्या कळपाची वाट. मी लहान असताना उन्हाळ्यात इकूनच नदीकडं जायचो. खतासाठी लोक रानात मेंढरं बसवून घ्यायचे." मी वळलो. आवाज थांबला. पुढे पुन्हा लागला, पुन्हा वळलो. दोन्ही बाजूंनी उसाची पाती काचेला घासत होती.

कालव्याच्या पाण्यासाठी खणलेल्या एका कोरड्या चारीपाशी वाट संपली. मी इंजिन बंद केलं. किल्ली काढली.

टक-टक, टssक.

आवाज गाडीतून येत नव्हता. चारीतून येत होता.

आबा काठाला टेकून उसाच्या सावलीत बसले होते. पाय मुरगळून सुजलेला, ओठ पार वाळलेले. जिवंत होते. जीभ टाळूला लावून ते टकटक करत होते. ताईंनी त्यांना कवटाळलं आणि मी बाटली ओठाला लावली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

पाणी पिऊन आबा माझ्याकडे रागानं बघत म्हणाले, "कवाचा हाकून राह्यलो. फाट्याला वळा म्हणलं तं सरळच निघाले. मंग कुठं मागं फिरले."

मी त्यांना उचलून गाडीत बसवलं.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. उद्या घरी सोडू, म्हणाले डॉक्टर. आसराबाई, म्हणजे ताईंच्या आई, येऊन नवऱ्याला रागं भरत होत्या आणि मधूनच त्यांचं कपाळ कुरवाळत होत्या. आबा हसत होते. इतकं चांगलं वाटलं मला, की घरी बायकोला फोन करावा म्हणून खिशात हात घातला.

हाताला डबी लागली.

नवा फ्लॅशर बसवायचं राहूनच गेलं होतं. गाडीत ती जागा रिकामी होती. दुपारपासून.

ताई बाहेर व्हरांड्यात आल्या. त्यांचा चेहरा आता निवळला होता. मी मूठ मिटली.

"भाऊ, उद्या तेवढा फॉल्ट काढून टाकता का?"

"राहू द्या, ताई," मी म्हणालो. "असू द्या तो."

आत आबांना झोप लागली होती. झोपेतच त्यांनी जिभेनं हळूच टकटक केली. गाडी माझ्या पाठीमागे अंगणात उभी होती, किल्ली माझ्या दुसऱ्या हातात. मी मागं वळलो नाही. दिवस मावळला होता, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पिवळा उजेड पडत होता, जात होता. दोनदा पटकन, एकदा लांब.