रिकामा माग

शाळा सुटल्यावर लेकीला, सियाला, घेऊन आसावरी पोस्टात गेली. बर्मिंगहॅमच्या सुप्रभाताईंनी मागवलेली पैठणी पाठवायची होती. लंडनमधल्या ईलिंगच्या त्या पोस्टात नेहमीसारखी मारुतीच्या शेपटासारखी रांग, बाहेर नोव्हेंबरची गारठलेली भुरभुर, आणि आसावरी मात्र हवेत होती.

बँकेतली चांगली नोकरी सोडून तिनं येवल्याच्या विणकरांसाठी ही धडपड सुरू केली, तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांनी नाकं मुरडली होती. दलाल नको, दुकान नको. विणणाऱ्याच्या हातून थेट नेसणारीच्या हाती, एवढंच तिचं म्हणणं. त्यापायी तिनं येवल्याहून एक जुना हातमाग बोटीनं मागवला, घरामागच्या काचेच्या खोलीत उभा केला आणि उन्हाळ्यात मुरलीधर नावाच्या विणकराला बोलावून लोकांसमोर विणायला बसवलं. त्यानं गावाकडच्या चुलीतली राख डबीत भरून आणली होती, धागे सांधताना चिमटीला लावायला. विमानतळावरच्या कस्टमवाल्यानं ती डबी हलवली, हुंगली आणि ठेवून घेतली. मग बिचाऱ्यानं देवापुढच्या उदबत्तीच्या राखेवर भागवलं.

साडी पुरी झाली ती त्याच्या निघायच्या आदल्या संध्याकाळी. उतरवायला सवडच राहिली नाही. "ताई, कापताना फणीच्या मागं टोकं ऱ्हाऊ द्या," जाताना तो बजावून गेला. "पुढल्या टायमाला त्यांनाच नवा ताणा सांधीन. आमच्यात माग रिकामा ठेवत न्हाईत."

गेल्या आठवड्यात सुप्रभाताईंची मागणी आल्यावर आसावरीनं साडी कापली आणि तिचा टापटिपीचा स्वभाव आडवा आला. मागाच्या फणीच्या दातांतून लोंबणारी ती ताण्याच्या उभ्या धाग्यांची लाल रेशमी टोकं तिला पसारा वाटली. तिनं ती ओढून काढली, केराच्या पिशवीत भरली, वर व्हॅक्यूम फिरवला. माग कसा लख्ख झाला! तिनं फोटो काढून वेबसाइटवरसुद्धा टाकला. मुरलीधरचं बोलणं ती विसरली नव्हती. ती एक नुसती रीत आहे, एवढंच तिला वाटलं होतं.

तेव्हापासून काचेच्या खोलीत संध्याकाळी उदबत्तीचा वास यायचा. मुरलीधर गेल्यापासून घरात तर कुणी उदबत्ती लावत नव्हतं. शेजारून येत असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

पोस्टातून घरी पोचेतो अंधारलं होतं. सिया पुस्तक घेऊन काचेच्या खोलीत पळाली. मागाची बैठक ही तिची लाडकी जागा. आसावरीनं चहाचं आधण ठेवलं, कॉलिंग कार्डाचा नंबर दाबला आणि येवल्याला फोन लावला.

"मुरलीधरभाऊ, साडी पाठवली हं आज. सुप्रभाताई फोनवर नुसत्या नाचत होत्या!"

"लई बरं झालं, ताई. टोकं ठेवली ना?"

"अहो, ती मी साफ केली. पुढच्या वेळी सगळं नव्यानंच भरू आपण."



"समदीच?"

"हो. का हो?"

"ताई... तो माग आमच्या आत्याचा. तिला दिसत नव्हतं. जन्मभर धागे सांधले तिनं, बोटांनी चाचपून. सांधा कुठं लागला ते आम्हालाबी गावायचं नाही." त्याचा आवाज खाली आला. "ती गेल्यावर एकदा माग रिकामा ऱ्हायला. तर आत्या... सांधायला आली."

"काहीतरीच काय बोलताय?"

"घरात रेशीम हाय का? कसलंबी. आत्ताच्या आत्ता फणीत ओवा."

"नाही हो, सगळं केरात गेलं..."

"मग..." तो अडखळला. "सियाचे केस अजून तेवढेच लांब हायेत का, ताई?"

आसावरीनं मान वळवून काचेच्या खोलीकडे पाहिलं.

"ऐका. काय बी दिसलं तरी कात्री लावू नका. आमच्या शैलाला, माझ्या बहिणीला, आम्ही कात्री लावली आन्..."

तेवढ्यात कार्डातले पैसे संपले. बाईचा गोड इंग्रजी आवाज आभार मानू लागला.

काचेच्या खोलीतून आवाज आला. धप्. मग थोड्या वेळानं पुन्हा, धप्. फणीचा ठोका. उन्हाळाभर ऐकलेला तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता.

ती धावली. खोलीत उदबत्तीचा वास दाटला होता. सिया मागाला पाठ करून निवांत वाचत बसली होती. सकाळी घातलेली तिची वेणी सुटली होती आणि केस ताणून मागे नेलेले होते. फणीच्या एकेका दातातून एकेक केस. फणीपलीकडे तोच काळा केस लाल होत गेला होता, आणि ते लाल रेशीम पार ताणा गुंडाळायच्या मागच्या रुळापर्यंत ताठ होतं. तेच, केरात टाकलेलं रेशीम.

"सिया... ये बाळा, इकडे ये."

"नको ना, आई. ती आजी माझा केस करते." सियानं पान उलटलं. "She's really gentle. तिचा बोट असा ड्राय ड्राय आहे."

"कोण आजी?"

"ही." सियानं बोट दाखवलं. तिथं कुणीच नव्हतं.

आसावरीनं बोटांनी सांधा शोधला. गाठ नव्हती, जाडी नव्हती. केस कुठं संपतो आणि रेशीम कुठं सुरू होतं ते कळेना. बोटांना राख मात्र लागली. खिडकीत तिचीच कात्री होती. मुरलीधरचे शब्द कानात होते, पण हे तर रेशीम, तेही पार रुळाजवळचं, लेकीच्या डोक्यापासून हातभर लांब. तिनं एका धाग्याला पातं नुसतं टेकवलं.

"आई! दुखतंय!" सिया किंचाळली.

कात्री खाली पडली. मागचा रूळ कर्रकन फिरला आणि सियाची मान मागे ओढली गेली.

आसावरी फरशीवर गुडघे टेकून बसली. दुसरं काही तिला सुचेना. "आत्या," ती पुटपुटली, "चूक माझी आहे. पोरीला सोडा... माझे घ्या. माझे केस घ्या."

ठोका थांबला. मग तिच्या अंबाड्यातला आकडा कुणीतरी अलगद, अगदी मायेनं काढला, आणि केस पाठीवर सुटले. कोरडी बोटं त्यातला पहिला केस निवडू लागली.

सियाचे केस मात्र कुणी सोडले नाहीत.